पांढरी रेघ

आमच्या घरामागं बाभळीच्या सावलीत तीन-तीन वासे डोक्याशी बांधून उभे केलेले असत. त्यांना अख्खं कातडं पोत्यासारखं शिवून टांगलेलं असे, तोंड वर. आत बाभळीची कुटलेली साल आणि हिरडा ठासून भरलेला, वरून पाणी. ते पाणी कातड्यातून पाझरून थेंब थेंब खाली ठेवलेल्या कुंडात पडे. रंग कोऱ्या चहासारखा. कुंड भरलं की आजोबा तेच पाणी तांब्यानं परत पोत्यात ओतत. कागल तालुक्यातलं आमचं गाव, साल 1958 किंवा 59. मी सात-आठ वर्षांची. कुंड भरलं की हाक मारायची, एवढं माझं काम.

आम्ही ढोर. गावातली मेलेली जनावरं महारवाड्यातले लोक ओढून नेत, त्यांचं कातडं आमच्याकडे येई आणि तयार चामडं चांभाराकडे जाई. मांग नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोर वळून देत. चौघांचं काम एकमेकांत अडकलेलं होतं आणि चौघांची घरं गावाबाहेर होती.

कातडं आलं की आधी मीठ चोळून ठेवायचं. मग पाण्यात भिजवून मऊ करायचं आणि चुन्याच्या हौदात टाकायचं. आठ-दहा दिवसांनी केस सैल होत. लाकडाच्या गोल ओंडक्यावर कातडं पसरून आजोबा बोथट पात्यानं केस खरवडत, मग उलटं करून आतली चरबी आणि मांस. पाणी तर किती लागे! चुना निघून जाईपर्यंत धुवायचं, पायांनी तुडवायचं, पुन्हा धुवायचं. आजी घायपाताच्या दोरानं कडा शिवी. चार-पाच दिवस टांगलं की ते पोतं खाली उतरवून शिवण सोडायची, आणि उलटं करून दुसऱ्या तोंडानं टांगायचं, कारण पाणी खालच्या अंगाला जास्त मुरतं आणि मानेकडचं कातडं जाड असतं. सगळं धरून महिना-सव्वा महिना. पावसाळ्यात आणखी.

कातडं झालं का, हे ओळखायची आजोबांची एकच पद्धत होती. ते रापीनं कडेचा बोटभर तुकडा कापत आणि कापलेली बाजू उजेडाकडे धरत. साल दोन्ही अंगांनी आत शिरत जाते. बाहेरून तांबूस, आतून तांबूस आणि मधोमध एक बारीक पांढरी रेघ, दोऱ्याएवढी. ती रेघ म्हणजे साल जिथवर पोचली नाही ती जागा. एकदा त्यांनी तुकडा माझ्या डोळ्यांसमोर धरला. म्हणाले, ‘‘ह्ये बघ पोरी. मधी पांढरी रेघ हाय तवर ह्ये कातडंच. कातडं जनावराचं. रेघ गेली, कमावलं, की मग चामडं. चामडं माणसाचं.’’

कातडं आणि चामडं यांतला हा फरक मला कुठल्याही पुस्तकानं इतका स्पष्ट सांगितला नाही. चामडं हे संस्कृत ‘चर्म’वरून आलं, चर्मकाराचा चांभार झाला. कातडं ‘कृत्ति’वरून आलं, आणि त्याच्या मुळाशी ‘कृत्’ म्हणजे कापणं आहे. कातडं पांघरणारा म्हणून शंकराचं नाव कृत्तिवास. साप टाकतो ती कातही याच घरची. पण मला या सगळ्यांहून मोठा वाटतो तो शब्द ‘कमावणं’. पैसा कमावतात, नाव कमावतात, पैलवान तालमीत शरीर कमावतो आणि ढोर कातडं कमावतो. क्रियापद एकच, आणि त्याचं मूळ ‘कर्म’. हिंदीतही चामडं कमावतातच. ज्या भाषेनं ढोराच्या कामाला पैलवानाच्या कामाचा शब्द दिला, त्या भाषेच्या गावांनी ढोराला पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. हे दोन्ही खरं आहे, आणि मी दोन्ही सांगणार आहे.

कमावलेल्या चामड्याला सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक होतं मोट. आजच्या मुलांना मोट चित्रात दाखवावी लागते. विहिरीच्या काठावर चाक, चाकावरून नाडा, नाड्याला बैलजोडी. बैल धावेवरून उतरले की चामड्याची मोट भरून वर यायची आणि तिची सोंड थारोळ्यात पाणी ओतायची. मोट म्हशीच्या चामड्याची, जाड. ती सतत पाण्यात, सतत दगडावर घासणारी. चामड्यात पांढरी रेघ राहिली असेल तर आतून कुजून महिन्या-दोन महिन्यांत फाटे, आणि ऐन उन्हाळ्यात मोट फाटली तर उसाचं रान वाळे. म्हणून शेतकरी चामड्याबाबत फार काटेकोर असत. धान्य वरून ओंजळीत टाकणारे हात चामडं मात्र दहा वेळा चाचपून बघत.

ऊस, भाजीपाला, पानमळे, विहिरीवर जे जे पिकलं त्याचं पाणी शतकानुशतकं आमच्या कुंडातून गेलेल्या चामड्यानं उपसलं. शेतीच्या इतिहासात पाटबंधारे येतात, धरणं येतात. मोटेची गाणीही येतात. मोटेचं चामडं कुणी कमावलं हे त्यांत मला तरी सापडलं नाही.

आमच्या कामाच्या माणसांची नावं मला भेटली ती कथांत. आजोबा लिंगायत शरणांच्या, म्हणजे संतांच्या, कथा सांगत. आमचा समाज कक्कय्यांना मानतो. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवेश्वरांच्या अनुभव मंटपात, म्हणजे शरणांच्या सभेत, बसणारे ते ढोर शरण. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यात कक्केरीला त्यांची समाधी आहे असं आमच्यात सांगतात. पण आजोबांची आवडती कथा हरळय्यांची. हरळय्या समगार, जोडे शिवणारे. रस्त्यात त्यांनी बसवेश्वरांना ‘शरणु’ म्हटलं, तर बसवेश्वरांनी उलट ‘शरणु शरणार्थी’ म्हटलं. एका नमस्काराला दोन नमस्कार. हे ऋण फेडायचं कसं, या विचारानं हरळय्या आणि त्यांची बायको कल्याणम्मा यांनी आपापल्या मांडीचं कातडं काढलं आणि त्याचे जोडे शिवून नेले. बसवेश्वरांनी ते पायात घातले नाहीत, डोक्यावर घेतले. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मण शरणांची मुलगी यांचं लग्न झालं, आणि त्यापायी दोन्ही बापांना राजा बिज्जळानं देहदंड दिला. कल्याणची क्रांती त्या लग्नावर पेटली.

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायांत घातले तरी उपकार फिटायचे नाहीत.’ हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात ऐकलंय, निरोप समारंभात ऐकलंय, एकदा तर पतपेढीच्या सभेत. दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर कल्याणम्मा येते. म्हणणाऱ्याला ती ठाऊक नसते. कातड्याचे आपले बाकीचे वाक्प्रचार बघा. कातडी बचावणं, गेंड्याची कातडी, चामडी लोळवणं, ‘चामडी जाईल पण दमडी जाणार नाही’. भित्रेपणा, निर्लज्जपणा, मारझोड आणि चिक्कूपणा. कृतज्ञतेचा एकच, आणि तो जोडे शिवणाऱ्याच्या घरचा.

मग विहिरींवर इंजिनं आली. किर्लोस्करवाडीचे पंप आधीपासून होते. 1946 मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आमच्या भागातल्या विहिरींवरून मोटा उतरल्या. मधल्या काळात पत्र्याची मोट आली होती, तिनं अर्धं काम आधीच नेलं होतं. 1962 च्या उन्हाळ्यात आजोबांकडे एकही मोट आली नाही. त्यांनी वासे सोडून गोठ्याला लावले. वडील त्याआधीच कोल्हापूरला शाहू मिलमध्ये लागले होते.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगते. तो धंदा गेला याचं मला दुःख नाही. चुन्यानं आजीची बोटं फाटलेली असत आणि त्या हातांनी तिला भाकरी थापता येत नसे, माझी आत्या थापायची. 1927 मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, असं बजावलं. त्यानंतर बऱ्याच गावांतल्या महारांनी मेलेलं ओढणंही नाकारलं. त्यावर गावं चिडली, बहिष्कार पडले, पण ते नाकारणं योग्यच होतं. जन्मानं लादलेलं काम सोडायचा हक्क प्रत्येकाला आहे. दुःख आहे ते कामाबरोबर त्यातलं ज्ञानही आम्ही लाजेनं पुरलं याचं.

पुरण्यात मीही होते. कोल्हापुरातल्या शाळेत वडिलांचा धंदा विचारला की मी ‘मिल’ म्हणे आणि आजोबांचा विचारला की ‘शेती’. आमच्या जातीचं नाव आणि जनावराचं नाव मराठीत एकच, त्यामुळे वर्गात ते नाव ऐकलं की कान तापत. सातवी-आठवीत इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर क्रियापदं लिहून दिली होती. हाइड, हिड, हिडन. हाइड म्हणजे लपणे, लपवणे. मी पाठ केलं.

1973 मध्ये लग्न होऊन मुंबईला आले आणि चामड्याची निर्यात करणाऱ्या एका पेढीत टायपिस्ट म्हणून लागले. पहिल्याच दिवशी टाइप करायला आलेल्या कागदावर मथळा होता ‘हाइड्स अँड स्किन्स’. मला वाटलं, काही तरी लपवलेल्या मालाचं प्रकरण आहे. हेडक्लार्क वयानं वडिलांएवढे, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी समजावलं, ‘‘अहो, मोठ्या जनावराचं ते हाइड. गाय, बैल, म्हैस. लहान जनावराचं स्किन. शेळी, मेंढी. आणि आपल्याकडची गाई-बैलं विलायती जनावरांच्या मानानं लहान, म्हणून त्यांच्या कातड्याला किप म्हणतात. बिलात चुकलं तर जहाजावरून माल परत येईल.’’

त्या तीन शब्दांवर केवढा व्यापार उभा होता हे मला फायलींनी शिकवलं. मद्रासकडच्या टॅनऱ्यांत तरवडाच्या सालीवर गाई-बैलांची कातडी कमावत, वर हिरड्याचा हात देत, आणि ती ‘ईस्ट इंडिया किप’ या नावानं लंडनला जात. तरवड म्हणजे आपल्या माळावर पिवळा फुलतो तोच. पहिल्या महायुद्धाआधी कलकत्त्याहून जाणाऱ्या कच्च्या कातड्यांचा व्यापार बराचसा जर्मन पेढ्यांच्या हातात होता. युद्ध लागलं, तो तुटला, आणि ब्रिटिश सैनिकांच्या बुटांचे वरचे भाग ईस्ट इंडिया किपचे होऊ लागले. सप्टेंबर 1919 मध्ये सरकारनं कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर 15 टक्के कर लावला. कातडं ब्रिटिश साम्राज्यातच कमावलं जाणार असेल तर त्यातले 10 टक्के परत. मी नोकरीला लागले त्याच सुमारास, 1972 च्या सीतारामय्या समितीनंतर, कच्च्या कातड्याची निर्यात बंद झाली आणि अर्ध्या कमावलेल्या मालावर कोटा आला. माझ्या मशीनवर हळूहळू किप हा शब्द कमी झाला आणि बुटांचे अपर, पाकिटं, पट्टे वाढले.

जुन्या दरपत्रकांत हिरड्याचं एक पान होतं. हिंदुस्थानातला हिरडा जहाजं भरून विलायतेच्या टॅनऱ्यांना जाई आणि तिथल्या बाजारात त्याच्या प्रतींना नावं होती. भिमली, जबलपूर, विंगोर्ला. विंगोर्ला म्हणजे आपलं वेंगुर्लं. आजोबा आजऱ्याच्या बाजारातून पायली-पायलीनं आणत तो हिरडा लंडनमध्ये वेंगुर्ल्याच्या नावानं विकला जात होता, आणि त्याचा भाव मी फोर्टातल्या एका माडीवर बसून वाचत होते. हे आजोबांना सांगायला हवं होतं. ते 1969 मध्येच गेले.

नोकरीला दोनेक वर्षं झाली असतील. एका लॉटचे नमुने टेबलावर आले होते. काका दुसऱ्या कामात होते. मी एक तुकडा उचलला, कडेला कापलेली बाजू खिडकीच्या उजेडाकडे धरली, आणि मधोमध ती होती. पांढरी रेघ. दोऱ्याएवढी. मी म्हटलं, ‘‘काका, हा माल कच्चा आहे. साल मधपर्यंत पोचलेली नाही.’’ त्यांनी चष्मा लावून पाहिलं, दुसरा तुकडा कापून पाहिला, तिसरा पाहिला. लॉट थांबवला. मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘तुम्हाला हे कसं माहीत?’’

मी म्हणाले, ‘‘कुठं तरी वाचलं होतं.’’

या एका वाक्याची बोच मला अजून आहे. आजोबांनी मला दिलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट मी कुठल्या तरी न वाचलेल्या पुस्तकाच्या नावावर टाकली. त्या रात्री मी शब्दकोशात हाइड काढला. एकाच स्पेलिंगचे दोन शब्द, एक कातडं, एक लपवणं. पुढे कळलं की अभ्यासक दोघांचंही मूळ एकाच जुन्या धातूत मानतात, आणि त्याचा अर्थ झाकणं. कातडं जनावराला झाकतं म्हणून हाइड. स्किन मात्र उत्तरेकडून, नॉर्स लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला, आणि त्याच्या मुळाशी कापणं, सोलणं आहे, आपल्या कृत्तीसारखं. परवा माझी नात म्हणाली, ‘‘आजी, उन्हात फार टॅन झालंय गं, काही तरी लावायला दे.’’ तिला मी सांगितलं, टॅन हा शब्द झाडाच्या सालीचा आहे, ओकच्या सालीचा. तिकडचे लोक त्या सालीवर कातडं कमावत आणि त्यानं आला तो तांबूस रंग टॅन. तुझ्या खापरपणजोबांचे हात कोपरापर्यंत त्याच रंगाचे होते, फक्त साल बाभळीची. तिनं आपला हात उलटासुलटा करून पाहिला.

आता कोल्हापुरात गेले की मी चप्पल लाइनीत जाते आणि चपलेची कड बघते. सालीवर कमावलेलं चामडं कापलं की आतपर्यंत तांबूस दिसतं. क्रोमवर कमावलेलं असेल तर कड निळसर-हिरवट असते. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनी 1884 मध्ये क्रोमचं पेटंट घेतलं, तेव्हापासून महिन्याचं काम एक-दोन दिवसांवर आलं. बुटाच्या वरच्या भागाला क्रोम उत्तम, यात वाद नाही. पण कोल्हापुरीचा तळ सालीच्याच चामड्याचा हवा. तो घाम पितो, तेल पितो आणि वर्षभरात पायाचा आकार घेतो. असं चामडं कमावणारी घरं कोल्हापुरात आता फार थोडी उरली आहेत. 2015 मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली, त्यामुळे बैलाचं कातडं मिळेनासं झालं आणि सगळा भार म्हशीवर पडला. बरंचसं चामडं चेन्नईकडून येतं.

2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत, आणि मला ते फार रास्त वाटतं, कारण कक्कय्या आणि हरळय्या यांना कुठली हद्द होती? जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दाखवली आणि नाव फक्त चामड्याची सँडल असं दिलं. इकडे ओरड झाली, मग कंपनीनं मूळ भारतीय कारागिरीत आहे हे मान्य केलं. ओरड झाली ते बरंच झालं. त्या दिवसांत मी मिळतील त्या बातम्या वाचून काढल्या. चप्पल शिवणाऱ्या चांभारांबद्दल भरभरून होतं, वेणी घालणाऱ्या बायकांबद्दल होतं. कातडं कमावणाऱ्या ढोरांबद्दल मला एक ओळ मिळाली नाही. मिलाननं कोल्हापूर झाकलं, हे आपल्याला दिसलं. आपण कुंड झाकलंय, हे अजून दिसत नाही.

निवृत्तीनंतर मी एक वही केली आहे. आजीच्या पिढीतल्या जाणत्या बायका आता राहिल्या नाहीत, पण माझ्या वडिलांच्या वयाचे दोघे-तिघे अजून आहेत. त्यांच्याकडून कुंडाचे, सालीचे, शिवणीचे, पात्यांचे शब्द लिहून घेते. आत्तापर्यंत 41 झाले. पहिल्या पानावर मी माझं नाव, आजोबांचं नाव, गाव आणि जात लिहिली आहे, शाळेच्या फॉर्मवर लिहिली नव्हती तशी.

तुमच्या घरात कुणी कातडं कमावलं असेल, मोट शिवली असेल, पखाल वाहिली असेल, तबल्याची पुडी बसवली असेल, तर त्यांना शब्द विचारा आणि लिहून ठेवा. सांगणाऱ्याचं नाव आणि गाव शेजारी लिहायला विसरू नका.